दूधसागराच्या डोहात उतरण्यापूर्वी...

गोव्याला जाऊन समुद्र न पाहता परतणारा माणूस सापडणं कठीण. पण किनाऱ्याकडे पाठ फिरवून पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याकडे निघालेल्या मंडळींची संख्याही आता थोडीथोडकी राहिलेली नाही. सकाळी सातच्या सुमारास कुळे स्थानकाबाहेर जाऊन उभं राहावं. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगावची, हैदराबादची, सुरतेची कुटुंबं रांगेत दिसतात. कुणाच्या हातात डब्याची पिशवी, कुणाच्या खांद्यावर पेंगुळलेलं पोर, कुणाच्या गळ्यात नुकतंच भाड्यानं घेतलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचंय... दूधसागरला!

गोवा आणि कर्नाटकच्या सीमेवर, कड्याच्या चार टप्प्यांवरून ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून अधिक उंचीवरून कोसळणारा हा धबधबा देशातल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी एक. पावसाळ्यात त्याची रुंदी सरासरी तीस मीटर भरते. नावामागची गोष्ट घाटाखाली-घाटावर सगळीकडे सांगितली जाते. डोंगरावरच्या राजवाड्यातली राजकन्या रोज तळ्यात स्नान करायची आणि मग सोन्याच्या घड्यातलं साखर घातलेलं दूध प्यायची. एके दिवशी झाडीतून एक राजपुत्र तिला न्याहाळताना दिसला. लाजेनं गोंधळलेल्या सख्यांनी घड्यातलं दूध तिच्यासमोर ओतलं आणि त्या दुधाचा पडदा झाला. तो पडदा अजून ओघळतोच आहे, अशी ही कथा. गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न धबधब्यासमोर उभं राहिल्यावर कुणी विचारत नाही.

दूधसागरचं पाणी पाहायला मात्र मिळतं ते राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून जाऊन. मोलेचं जंगल १९६९ साली अभयारण्य म्हणून घोषित झालं. पुढे १९७८ मध्ये त्यातल्या १०७ चौरस किलोमीटरच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून क्षेत्र होतं २४० चौरस किलोमीटर. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, तो इथे आहे. बिबट्या आहे, अस्वल आहे, नागराज आहे, आणि नशीब असेल तर उंच फांदीवरून झेप घेणारं शेकरूही दिसतं. सहलीला निघालेल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी हा एक 'पिकनिक स्पॉट'! वनखात्याच्या नाक्यावर पिशव्या तपासल्या जातात, दारूची बाटली, प्लॅस्टिक बाजूला काढलं जातं, तेव्हा काहींचा पारा चढतो तो त्यामुळेच.

रूळ आले आधी, रस्ता नंतर

दूधसागरची ओळख बाहेरच्या जगाला करून दिली ती आगगाडीनं. मुरगाव बंदराला घाटावरच्या मुलुखाशी जोडण्यासाठी पोर्तुगीज अमलात हा लोहमार्ग टाकला गेला आणि १८८८ साली तो कॅसलरॉकपर्यंत पोहोचला. कॅसलरॉक ते कुळे हा सव्वीस किलोमीटरचा ब्रागांझा घाट. नाव पोर्तुगालच्या राजघराण्याचं. चढण इतकी की प्रत्येक ३७ मीटर अंतरामागे गाडी एक मीटर वर चढते. म्हणूनच घाट चढणाऱ्या गाड्यांना कुळेला जादा इंजिनं जोडावी लागतात. बोगद्यामागून बोगदे पार करत गाडी पुलावर येते आणि एकदम डब्याच्या खिडक्यांमध्ये पांढराशुभ्र धूर भरतो. तुषार थेट तोंडावर! धबधब्याच्या ऐन मध्यावरून रूळ गेलेले, असं दृश्य देशात क्वचितच दिसेल.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पुरी सुरू होण्याआधी मुंबई-पुण्याहून रेल्वेनं गोव्याला जायचं तर हीच वाट होती. मिरजेला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यात बसायचं, लोंढा मागे टाकलं की झोपलेल्या पोरांना हलवून जागं करायचं... आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येक गोवेकरांच्या आणि घाटावरच्या माहेरवाशिणींच्या आठवणीतला दूधसागर हा असा खिडकीतला आहे. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. आजही वास्को-निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस आणि पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस याच पुलावरून जातात. पाण्यात उतरण्याची हौस नसलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या आजी-आजोबांना दूधसागर दाखवायचा असेल तर यापरता चांगला मार्ग नाही. दिवसाउजेडी घाट ओलांडणारी गाडी मात्र वेळापत्रकात बघून घ्या. रात्रीच्या गाडीनं गेलात तर फक्त आवाज ऐकू येईल.

मग २०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस' आला. पडद्यावर शाहरुख-दीपिकाच्या मागे कोसळणारं पाणी साऱ्या देशानं पाहिलं आणि ज्यांनी कुळे हे नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांनीही पत्ता शोधून काढला. हौशी तरुणांचे जथेच्या जथे रुळांवरून चालत धबधब्याकडे निघू लागले. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मध्ये बोगदा, आणि पाण्याच्या गर्जनेत मागून येणाऱ्या गाडीची शिट्टीही ऐकू येणार नाही अशी परिस्थिती. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी शेकडोंच्या संख्येनं आलेल्या अशा मंडळींना रेल्वे पोलिसांनी अडवलं आणि काहींना रुळाशेजारीच उठाबशा काढायला लावल्या. ती चित्रफीत देशभर फिरली. शिक्षा बालवाडीतली वाटली तरी कायदा बालवाडीतला नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दूधसागर डब्यात बसूनच पाहा, असं आवाहन रेल्वेनं त्या वेळी केलं होतं. तेव्हा कुणी मित्र 'रुळावरून जाऊ, मजा येते' म्हणाला तर त्याला एकट्यालाच जाऊ द्या... खरं तर त्यालाही जाऊ देऊ नका!

जीपमधली हाडं खिळखिळी

सरळ मार्ग कुळेहून. पणजीपासून कुळे साधारण साठ किलोमीटर, मडगावहून त्याहून जवळ. कुळेला रेल्वे स्थानक आहे. स्वतःची गाडी घेऊन आलात तरी ती कुळेलाच ठेवावी लागते, कारण पुढची दहा-बारा किलोमीटरची वाट अभयारण्यातून जाते आणि तिथे परवाना असलेल्या जीपच जातात. एका जीपमध्ये सात जण. चौघांचं कुटुंब असेल तर आणखी तिघांशी जमवून घ्यावं लागतं. परतीच्या वाटेवर या अनोळखी तिघांबरोबर चिवडा वाटून खाल्ला जातो, हा भाग वेगळा.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात जीपची वाटच ओढ्यांच्या पोटात जाते. हंगाम नेमका कधी उघडणार, तिकीट खिडकीवर की आधी नोंदवून, दर काय, हे सगळं दर वर्षी थोडंफार बदलतं. तेव्हा शेजाऱ्यांच्या तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. निघण्याच्या आठवड्यात चौकशी करून घ्या. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळता आली तर फारच उत्तम. तुम्ही नोकरदार असाल तर हे सांगणं सोपं, करणं अवघड, हे आम्हालाही कळतं.

जीपचा प्रवास म्हणजे धक्क्यांची मालिका. लाल माती, मुळं, खडे, आणि मध्येच चाकं बुडवणारे ओढे. चालक सराईतपणे गाडी पाण्यात घालतो, पाणी पायाशी येतं, पोरं किंचाळतात, आया पदर सावरतात. गरोदर बाई, पाठीच्या मणक्याचा त्रास असलेली व्यक्ती, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस यांनी हा प्रवास करू नये. त्यांच्यासाठी गाडीची खिडकी आहेच. जीप थांबते तिथून पुढे गोल दगड-धोंड्यांवरून, झाडांच्या मुळांवरून साधारण किलोमीटरभर चालावं लागतं. चपला घालून आलेल्यांची इथे त्रेधा उडते. मागे पट्टा असलेले, ओले झाले तरी चालतील असे, तळाला खाचा असलेले बूट किंवा सॅंडल हवेत.

या वाटेवर माकडं भेटतील. ती शांत बसलेली असतात, तुमच्या पिशवीकडे बघत. केळ्याचा घड हातात धरून चालणाऱ्या मुलाच्या हातून तो कधी गेला हे त्या मुलाला कळतही नाही. खाण्याचं सामान बंद पिशवीत, पिशवी पाठीवर, आणि माकडांना काहीही देऊ नका. त्यांची ही सवय माणसांनीच लावलेली.

डोह दिसतो तसा नसतो

आणि मग झाडी संपते, समोर हिरवट निळा डोह आणि त्याच्यामागे डोळ्यांत न मावणारा पांढरा कडा. वर मध्यावर रेल्वेचा पूल. एखादी गाडी जात असेल तर प्रवासी हात हलवतात, खालची मंडळीही हलवतात. पाय पाण्यात घातले की लहान मासे येऊन बोटांना टोचतात. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, मग गंमत वाटते.

लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरता येत नाही, हा इथला नियम, आणि तो अगदी रास्त आहे. पण नियम आहे म्हणून गळ्यात अडकवलेलं जॅकेट आणि नीट बांधलेलं जॅकेट यांत फरक असतो. समोरचे सगळे पट्टे आवळून लावा. मग कुणाला तरी तुमच्या खांद्यापाशी जॅकेट धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे, पाण्यात ते तोंडावर येईल आणि माणूस खालून निसटेल. मुलांच्या बाबतीत ही चाचणी कधीही चुकवू नका. मोठ्या माणसाचं जॅकेट सहा वर्षांच्या पोराला घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. कुळेला जॅकेट घेतानाच मुलाच्या मापाचं मागून घ्या. धबधब्यापाशी पोहोचल्यावर बदलून मिळणार नाही. आणि मिळालेल्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं असेल तर गप्प बसून घेऊ नका, दुसरं मागा.

'मला पोहता येतं' असं म्हणणाऱ्यांना सांगायला हवी ती गोष्ट वेगळीच. तरणतलावात पन्नास मीटर पोहणं आणि धबधब्याच्या डोहात पोहणं यांचा संबंध फार थोडा. उंचावरून पडणाऱ्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात. पांढरा रंग येतो तो त्यानेच. अशा फेसाळ पाण्याची घनता कमी होते आणि माणूस त्यात नेहमीसारखा तरंगत नाही. हात मारावे तर हाताला पाणीच लागत नाही, अशी अवस्था. शिवाय वरून आदळणारं पाणी खाली जाऊन पुन्हा वर उसळतं आणि पृष्ठभागावरचा प्रवाह पडणाऱ्या धारेकडे ओढतो. धारेखाली जाऊन फोटो काढायच्या नादात माणूस या चक्रात सापडतो. सुटायचा प्रयत्न करावा तो बाजूनं, काठाच्या दिशेनं. धारेच्या विरुद्ध ताकद लावून दमू नये.

वरून उडी मारण्याचा मोह तर मुळीच नको. डोहाच्या तळाशी पुरानं आणलेले दगड असतात आणि दर पावसाळ्यानंतर त्यांच्या जागा बदलतात. मागच्या वर्षी जिथे खोल होतं तिथे या वर्षी शिळा असू शकते. ओल्या दगडावरचं शेवाळं तर तेलासारखं. कित्येकदा माणूस पोहताना नव्हे, काठावरून चालताना पाय घसरून पाण्यात पडतो आणि डोकं दगडावर आपटतं. उन्हातून, धक्के खात, घामाघूम होऊन आल्यावर एकदम गार पाण्यात झोकून दिलं की क्षणभर श्वास अडकतो आणि नेमकं त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जातं. आधी पाय, मग मान-चेहरा भिजवून हळूहळू उतरावं. हृदयविकार असलेल्यांनी तर गुडघ्यापर्यंतच.

पावसाचं भान ठेवावं ते केवळ आपल्या डोक्यावरच्या नव्हे. पाणी येतं ते घाटमाथ्यावरून. खाली लख्ख ऊन असताना वर कॅसलरॉकच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस झाला तर काही मिनिटांत प्रवाह बदलतो. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात ही शक्यता सर्वांत जास्त. पाणी गढूळ होऊ लागलं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाजाचा सूर जड झाला, की सामान गोळा करत बसू नका. काठावर, उंचावर या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरून ती माणसं प्रवाहाच्या मधोमध उभी होती आणि पाणी वाढत होतं. ती चित्रफीत ज्यांनी पाहिली त्यांना अधिक काही सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, सांगे तालुक्यातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यावर गोव्याच्या वनखात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर पावसाळ्यात जाण्यास बंदी घातली. बंदीवर टीका झाली. पण टीका करणाऱ्यांनी घाटातला आषाढ एकदा तरी पाहिलेला असावा.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा 'वाचवा, वाचवा' ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, ओरडायला श्वासच नसतो. हात बाजूला पसरून तो पाणी दाबत राहतो आणि अर्ध्या-एक मिनिटात खाली जातो. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, मजा करतोय. म्हणून मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसानं फक्त बघायचं काम करावं. हातात मोबाइल नाही, गप्पा नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी. कुणी बुडताना दिसलं तर जीवरक्षकाला हाक मारा आणि काठावरून काहीतरी फेका. दोरी, ओढणी, साडी, बंद झाकणाचा रिकामा कॅन, काहीही. पोहता न येणाऱ्या भावानं, बापानं उडी घ्यायची नाही. एकाऐवजी दोन जीव जातात ते असेच.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर पोट दाबू नका, उलटं टांगून फिरवूही नका. पाणी काढण्याच्या या जुन्या समजुतीत मोलाची मिनिटं जातात. उताणं निजवा, मान मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडावाटे श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात दाब द्या. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. श्वास परत आला तरी रुग्णालयात न्यायलाच हवं, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं. गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. मात्र जंगलात मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नये.

बॅगा कोण सांभाळणार?

डोहाच्या काठावर थोडा वेळ बसून राहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाण्यात बाप आहेत, मुलगे आहेत, मामा-काका आहेत. आणि काठावरच्या दगडावर, पाच जणांचे कपडे, चष्मे, पाकिटं, मोबाइल ओटीत घेऊन, घरातली बाई बसली आहे. तिला पाणी आवडत नाही असं नाही. पावलं ती पाण्यात सोडून बसलेलीच असते. पण साडी नाहीतर सहावारी ओढणीचा पंजाबी ड्रेस अंगावर, कपडे बदलायचे कुठे हा प्रश्न, आणि 'तू काय करणार पाण्यात' हे आधीच ठरलेलं!

साडीनं वा ओढणीनं पोहू नये हे तर खरंच. ओलं कापड पायात गुंडाळतं, जड होतं, दगडात अडकतं. पण त्यावर उपाय बाईला काठावर बसवणं हा नव्हे. आखूड कुर्ता आणि घट्ट पायजमा किंवा ट्रॅक पँट आतून घालूनच निघावं, ओढणी बॅगेत जाऊ द्यावी. परतताना अंगाभोवती घ्यायला एक मोठा गडद पंचा किंवा गाउन असला की कपडे बदलण्याचं निम्मं काम होतं. मंगळसूत्र, बांगड्या मुक्कामावरच ठेवा. पाण्यात हरवलेला दागिना शोधताना जीव धोक्यात घालणारी माणसं असतात. आणि बॅगा? त्या पाळीपाळीनं सांभाळायच्या. अर्धा तास साहेबांनी दगडावर बसावं. दगड तोच आहे, टोचत असला तर त्यांनाही टोचू दे.

तंबू कुठे ठोकावा

धबधब्याशेजारी तंबू ठोकून रात्र काढू, ही कल्पना मनात असेल तर ती काढून टाका. राष्ट्रीय उद्यानात संध्याकाळनंतर थांबायला परवानगी नाही, आणि कुणी 'ओळखीनं जमवून देतो' म्हणत असेल तर तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. दूधसागरजवळ मुक्काम करायचा तर मोले-कुळेच्या परिसरात, उद्यानाच्या हद्दीबाहेर, बागायतीत तंबूंची सोय करणारी ठिकाणं आहेत. सुपारी-मिरीच्या बागेत, झऱ्याच्या आवाजात काढलेली रात्रही काही कमी नसते. युथ हॉस्टेल्स असोसिएशन हिवाळ्यात गोव्यात ट्रेक काढत आली आहे. परवानग्या, वाटाड्या, जेवण, सगळं त्यांचं. एकट्यादुकट्यानं घाटात शिरण्यापेक्षा नवख्यांनी अशा मोहिमेत जाणं कधीही बरं. कॅसलरॉकच्या बाजूनं उतरायचं तर तो प्रदेश कर्नाटकच्या वनखात्याचा. तिथली परवानगी वेगळी, काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल शेजारीच.

तंबू लावताना नदीच्या वाळूचा मऊ पट्टा कितीही खुणावत असला तरी तिथे नको. तो पट्टा पाण्यानंच तयार केलेला असतो आणि पाणी आपली जागा विसरत नाही. काठापासून दूर, उंचावर, आणि वर वाळलेली फांदी नाही ना हे मान वर करून बघून जागा निवडा. बूट रात्री बाहेर ठेवलेत तर सकाळी झटकूनच घाला. जेवणाचं सामान तंबूत ठेवू नका. लघुशंकेला जाताना विजेरी घ्या, एकट्यानं जाऊ नका.

जळवांची लोक उगाच धास्ती घेतात. जळू चावते, रक्त येतं, खाज सुटते, संपलं. खरी दखल घ्यायला हवी ती गोचिडाची. पश्चिम घाटात माकडताप नावाचा आजार आहे. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळले. तो माणसाला होतो गोचीड चावल्यानं. काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका सहलींचा हंगाम. घाबरून घरी बसायचं कारण नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायजमा मोज्यांत खोचलेला, पाचोळ्यावर थेट न बसता खाली जाड चादर, आणि मुक्कामावर आल्यावर आंघोळ करताना कानामागे, काखेत, जांघेत मुलांचं अंग तपासणं, एवढं केलं तरी पुष्कळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. आणि परतल्यावर आठवडाभरात एकदम ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'मी या जंगलात गेलो होतो' हे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

हेच पाणी पणजीच्या नळाला

डोहातून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुळ्यावरून खांडेपार नदीत जातं. या नदीवर ओपा इथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहे. फोंडा आणि तिसवाडी, म्हणजे राजधानी पणजीचा परिसर, हे पाणी पितो. उरलेला प्रवाह मांडवीला मिळतो. काठावर शाम्पूची पुडी फोडून केस धुणारी, बाळाचं डायपर दगडाखाली दडपणारी माणसं दिसतात तेव्हा हे आठवावं. संध्याकाळी पणजीच्या हॉटेलात पेलाभर पाणी त्यांनाही लागणारच असतं!

या जंगलासाठी गोवेकर रस्त्यावर उतरले ते अलीकडेच. २०२० मध्ये मोलेच्या वनातून रेल्वेचं दुपदरीकरण, चौपदरी महामार्ग आणि उच्च दाबाची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प पुढे आले. टाळेबंदीच्या काळातच 'मोले वाचवा' मोहीम उभी राहिली. विद्यार्थी, चित्रकार, वकील, शास्त्रज्ञ, गावकरी सगळे त्यात होते. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर इथे हजारो माणसं रुळांवर येऊन बसली. दुपदरीकरण मुख्यतः कोळशाच्या वाहतुकीसाठी आहे, असा त्यांचा आरोप होता. रेल्वेचं म्हणणं होतं, वाढत्या वाहतुकीसाठी ते गरजेचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ मे २०२२ ला न्यायालयानं घाटातल्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. धबधब्यावरचा तो एकेरी पूल, ज्यावरची गाडी पाहून खालची पोरं हात हलवतात, त्याच्यामागे एवढं सगळं घडून गेलं आहे.

दूधसागरला दिवसाचे फार तास लागत नाहीत. जीप तुम्हाला डोहापाशी तास-दीड तासच देते. सकाळी लवकर निघालात तर दुपार मोकळी राहते. त्या दुपारी मोलेपासून बारा-तेरा किलोमीटरवर असलेल्या तांबडी सुर्लाला जाऊन या. बाराव्या शतकातलं, काळ्या दगडातलं महादेवाचं छोटंसं मंदिर आहे. दाट अरण्यात लपलेलं असल्यानं ते पोर्तुगीजांच्या नजरेतून सुटलं, असं मानलं जातं. छतावरचं कमळ मान वर करून बघायला विसरू नका. मंदिरामागे नदी आहे, पायऱ्या उतरून पाय बुडवता येतात. गाडी मात्र वेळेत परत वळवा. अंधार पडल्यावर या रस्त्यावर गवे येतात आणि वळणावर अचानक समोर उभा राहिलेला गवा गाडीच्या दिव्यांना बिचकत नाही.